वय बघा, ओळख ठेवून घेऊ नका

२०२५ च्या सप्टेंबरातली एका शनिवारची रात्र. इंग्लंडमधल्या रेडिंग गावातल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा भाचा लॅपटॉप उघडून बसला होता. वय चोवीस. पुण्यात इंजिनीअरिंग करून तो इथे एमएस्सीला आला आणि आता एका कंपनीत गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. दर महिन्याला कर भरतो, भाडं भरतो, घरी थोडे पैसे पाठवतो. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत मतदान करता येतं, आणि त्याचं नाव मतदारयादीत आहे. त्या रात्री त्याला एका गेमचं पान उघडून बघायचं होतं.

पान उघडेना. गेम विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानाने सांगितलं, की हा खेळ प्रौढांसाठी आहे, तुम्ही अठरा पूर्ण आहात हे क्रेडिट कार्डाने सिद्ध करा. भाच्याकडे डेबिट कार्ड आहे. क्रेडिट कार्डासाठी त्याने दोनदा अर्ज केला होता आणि दोन्ही वेळा नकार आला होता, कारण या देशात नव्याने आलेल्या माणसाची पत शून्यापासून सुरू होते. "आत्या, पासपोर्ट आहे, व्हिसा आहे, पगाराची स्लिप आहे. त्यांना यातलं काहीच नकोय," तो म्हणाला. मग त्याने एक फुकटचं व्हीपीएन उतरवून घेतलं, देशांच्या यादीतून नेदरलँड्स निवडलं आणि पुन्हा दुकानाकडे वळला.

त्याच वेळी शेजारच्या खोलीत माझा पंधरा वर्षांचा मुलगा त्याच दुकानात निवांत फिरत होता. त्याला कुणी काहीही विचारलं नाही. त्याच्या वाढदिवसाला गेम घेऊन देताना मी माझं क्रेडिट कार्ड त्याच्या खात्यावर भरलं होतं आणि ते तिथेच साठवलेलं राहिलं होतं. म्हणजे एकाच घरात, एकाच रात्री, पंधरा वर्षांचा मुलगा प्रौढ ठरला आणि चोवीस वर्षांचा माणूस अल्पवयीन. ते कार्ड मी लगेच काढून टाकलं. पण हा विषय तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी नेटवर्क इंजिनीअर आहे. कंपन्यांसाठी व्हीपीएन उभारणं हे गेली एकोणीस वर्षं माझं पोटापाण्याचं काम आहे. आणि मी एका वयात येणाऱ्या मुलाची आई आहे. या दोन्ही बाजूंनी जे दिसतं, ते सांगायला हवं असं वाटलं म्हणून हा लेख.

आधी कायद्याविषयी. ब्रिटनचा 'ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट' २६ ऑक्टोबर २०२३ रोजी मंजूर झाला. मुलांच्या संरक्षणाची त्यातली मुख्य कलमं २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. अश्लील चित्रण, आत्महत्येला किंवा स्वतःला इजा करायला उद्युक्त करणारा मजकूर, खाण्याच्या विकारांना खतपाणी घालणारा मजकूर मुलांपर्यंत पोहोचू नये, ही जबाबदारी आता कंपन्यांवर आहे. देखरेख 'ऑफकॉम' या नियामक संस्थेकडे. नियम मोडला तर एक कोटी ऐंशी लाख पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत दंड होऊ शकतो.

हा कायदा कुणाच्या लहरीतून आलेला नाही, हे मला आधीच नमूद करायचं आहे. लंडनच्या हॅरो भागात, जिथे आपल्या ओळखीची कितीतरी भारतीय कुटुंबं राहतात, तिथे २०१७ मध्ये मॉली रसेल नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीने आयुष्य संपवलं. तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने २०२२ मध्ये निष्कर्ष नोंदवला, की समाजमाध्यमांवर तिच्यासमोर येत राहिलेल्या मजकुराचा त्या मृत्यूत वाटा होता. तिचे वडील इयन रसेल तेव्हापासून इतरांची मुलं वाचावीत म्हणून झटत आहेत. त्या बापाला 'तुमचा कायदा आमच्या खेळात अडचण आणतो' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मुलांना जपायला कायदा हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझा आक्षेप आहे तो वय तपासण्याच्या पद्धतीवर.

कालपर्यंत गेमच्या दुकानांत वयाची तपासणी म्हणजे जन्मतारखेची तीन खणांची एक यादी असायची. बारा वर्षांचं पोरही त्यात १९८० साल निवडायचं आणि आत जायचं. ती तपासणी निरुपयोगी होती आणि ऑफकॉमने ती मोडीत काढली ते योग्यच झालं. त्याऐवजी ऑफकॉमने परिणामकारक ठरू शकतील अशा सात पद्धती सांगितल्या: फोटो असलेलं ओळखपत्र चेहऱ्याशी जुळवणं, चेहऱ्यावरून वयाचा अंदाज, क्रेडिट कार्ड, बँकेकडून खात्री, मोबाइल कंपनीकडून खात्री, डिजिटल ओळख सेवा आणि ईमेलच्या वापरावरून वयाचा अंदाज. डेबिट कार्ड त्यात नाही, कारण इथे अकरा-बारा वर्षांच्या मुलांनाही बँका डेबिट कार्ड देतात.

यांतली कुठली पद्धत वापरायची हे ज्याचं त्याने ठरवायचं. संगणकावरच्या खेळांचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं 'स्टीम'. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस स्टीमने ब्रिटनमधल्या ग्राहकांसाठी क्रेडिट कार्डाचा मार्ग निवडला. खात्यावर वैध क्रेडिट कार्ड साठवलेलं असेल तोवर ते खातं प्रौढ माणसाचं मानलं जाईल. नसेल तर प्रौढांसाठीच्या खेळांची पानं दिसणार नाहीत. कंपनीचं म्हणणं असं, की यात ग्राहकाला नवी माहिती कुणा तिसऱ्याच्या हाती द्यावी लागत नाही. एका अर्थी ते खरं आहे. पासपोर्टचा फोटो मागण्यापेक्षा कार्ड मागणं कितीतरी बरं. पण कार्ड हा वयाचा दाखला नाही, तो पत असल्याचा दाखला आहे. नुकतीच परदेशातून आलेली नर्स, उधारी नको म्हणून आयुष्यभर रोखीने जगलेला म्हातारा, कर्ज फेडताना एकदा चुकलेला माणूस, हे सगळे प्रौढ आहेत आणि यांच्यापैकी अनेकांकडे क्रेडिट कार्ड नाही. उलट ज्या मुलाच्या आईने एकदा कार्ड भरून ठेवलं, त्याला दार उघडं.

अशा वेळी लोक काय करतात, ते २५ जुलैनंतरच्या आठवड्यात साऱ्या ब्रिटनने पाहिलं. ॲपलच्या दुकानातल्या सर्वाधिक उतरवलेल्या पहिल्या दहा मोफत ॲपपैकी निम्मी ॲप व्हीपीएनची होती. प्रोटॉन या कंपनीने सांगितलं, की ब्रिटनमधून तासागणिक येणाऱ्या नव्या नोंदण्या १,४०० टक्क्यांहून जास्त वाढल्या. कायदा रद्द करा, अशी मागणी करणाऱ्या संसदेच्या संकेतस्थळावरच्या अर्जावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या. सरकारने उत्तर दिलं, की कायदा मागे घेणार नाही.

आता व्हीपीएन म्हणजे काय, ते माझ्या आजीला समजावलं होतं तसंच सांगते. समजा, कोल्हापुरातून तुम्हाला पत्र पाठवायचं आहे, पण पाकिटावर कोल्हापूरचा शिक्का नको आहे. तुम्ही ते पत्र एका मोठ्या पाकिटात घालून सांगलीच्या मावशीला पाठवता. मावशी वरचं पाकीट काढते आणि आतलं पत्र सांगलीच्या टपालपेटीत टाकते. ज्याला पत्र मिळतं त्याला सांगलीचा शिक्का दिसतो. वाटेतल्या पोस्टमनला फक्त एवढंच कळतं, की तुम्ही मावशीला काहीतरी पाठवलं. मी रोज ऑफिससाठी हेच उभारते, फक्त तिथे मावशी कंपनीचीच असते. घरून काम करणाऱ्या डॉक्टरला रुग्णालयाची कागदपत्रं सुरक्षित उघडता यावीत, विमानतळाच्या वायफायवरून बँकेचं काम करणाऱ्याचा पासवर्ड चोरीला जाऊ नये, बातमीदाराला आपला स्रोत लपवता यावा, यासाठी व्हीपीएन आहे. ते दरवाजाच्या कडीसारखं आहे. चोरही कडी लावतो म्हणून कड्या बेकायदा ठरवता येत नाहीत.

पण या गोष्टीत एक माणूस असा आहे, ज्याला सगळं ठाऊक असतं. ती म्हणजे मावशी. पत्र कुणाचं, कुणाला, केव्हा, किती वेळा, हे तिला माहीत असतं. म्हणून मावशी कोण आहे हे बघावं लागतं. माझ्या भाच्याने ते बघितलं नव्हतं, आणि त्याबद्दल मी त्याला त्याच रात्री बोलले. जे व्हीपीएन पैसे मागत नाही, ते खर्च कुठून भागवतं, हा प्रश्न प्रत्येकाने विचारायला हवा. २०१५ मध्ये उघड झालं, की 'होला' नावाची फुकट सेवा आपल्या वापरकर्त्यांचीच इंटरनेट जोडणी दुसऱ्या ग्राहकांना विकत होती. फेसबुकचं 'ओनाव्हो प्रोटेक्ट' हे ॲप लोकांनी आपली माहिती सुरक्षित राहावी म्हणून घेतलं, आणि तेच ॲप त्यांच्या वापराची माहिती कंपनीला पुरवत होतं; त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने २०२३ मध्ये मेटाच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. एका दुकानदाराला वय सांगायचं टाळण्यासाठी लोक आपली सारी वर्दळ अनोळखी माणसाच्या अंगणातून नेत आहेत. हा व्यवहार तोट्याचा आहे.

गेमच्या दुकानात तर हा तोटा आणखी मोठा होतो. ऑनलाइन दुकानातला खेळ आपण विकत घेतो असं म्हणतो खरं, पण कपाटात ठेवायला हाती काही येत नाही. मिळतो तो खेळण्याचा परवाना, आणि तो त्या एका खात्याला बांधलेला असतो. स्टीमच्या करारात स्पष्ट लिहिलं आहे, की आपण राहतो ते ठिकाण लपवण्यासाठी, प्रदेशाचे निर्बंध चुकवण्यासाठी किंवा दुसऱ्या देशातल्या कमी किमतीने खरेदी करण्यासाठी असली साधनं वापरता येणार नाहीत, आणि वापरली तर खात्यावर कारवाई होऊ शकते. भारतातल्या किमती ब्रिटनमधल्या किमतींपेक्षा बऱ्याचदा कमी असतात, त्यामुळे दुकानदार अशा फसवणुकीकडे डोळ्यांत तेल घालून बघतात. वय लपवायला व्हीपीएन लावणारा आणि स्वस्तात माल उचलायला लावणारा, दोघे बाहेरून सारखेच दिसतात. माझ्या भाच्याच्या खात्यात कॉलेजपासून जमवलेले सत्तरेक खेळ आहेत. शिकवणीच्या आणि पहिल्या नोकरीच्या पैशांतून, एकेक करून घेतलेले. एका पानासाठी ते सगळे त्याने पणाला लावले होते.

खातं वाचलं, पण त्याला दुसरीकडून फटका बसला. व्हीपीएन चालू असतानाच त्याने एक छोटी खरेदी केली. पैसे परदेशातून मागितले जात आहेत असं त्याच्या बँकेला दिसलं आणि तिने त्याचं डेबिट कार्ड गोठवलं. सोमवारी भाडं भरायचं होतं. ते पैसे मी दिले, आणि कार्ड पुन्हा सुरू व्हायला दोन दिवस आणि फोनवरचा तासाभराचा वेळ गेला. बँकेचं काही चुकलं नाही, चोरी रोखायला ती तेच करणार. भाचा गुन्हेगार नव्हता, तरी त्या दोन दिवसांत त्याला गुन्हेगारासारखी उत्तरं द्यावी लागली. ज्या देशात आपण पाहुणे आहोत तिथे ही गोष्ट मनाला फार लागते. व्हिसावर राहणारी मुलं रस्ताही सिग्नल बघूनच ओलांडतात. त्यांना आडवाटेने जायला लावणारा नियम चांगला असू शकत नाही.

ब्रिटनमध्ये आता व्हीपीएनवरच बोट ठेवलं जातंय. इंग्लंडच्या बालहक्क आयुक्त रेचल डी सूझा यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटलं, की व्हीपीएन ही पळवाट आहे आणि ती बुजवायला हवी. मुलांना व्हीपीएन वापरता येऊ नये म्हणून तिथेही वय तपासावं. त्यांची तळमळ मला कळते. पण हे पाऊल कुठे नेतं, ते पाहा. व्हीपीएन घेणारा मूल आहे की मोठा, हे ठरवायला प्रत्येकाचं वय तपासावं लागेल. म्हणजे ज्याला आपली ओळख कुणाला द्यायची नाही, त्याला ती आधी व्हीपीएन कंपनीला द्यावी लागेल. नावाजलेल्या चार-पाच कंपन्या हा नियम पाळतील. कुठल्यातरी बेटावर नोंदवलेली, फुकट वाटली जाणारी शेकडो ॲप पाळणार नाहीत. मुलं नेमकी त्याच ॲपकडे जातील.

भारताने हा धडा घेतलेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ ॲपवर बंदी घातली, तेव्हा हाच भाचा पुण्यात शिकत होता. त्याच्या सांगण्याप्रमाणे, संध्याकाळ व्हायच्या आत मित्रांच्या ग्रुपवर कुठलं व्हीपीएन चालतं याची यादी फिरायला लागली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि इतर तपशील पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क, प्रोटॉन या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच काढून घेतले. भारतातल्या ग्राहकांना सेवा मिळत राहिली, फक्त ती देणारी यंत्रं देशाबाहेर गेली.

लोक ओळख द्यायला का घाबरतात, हेही समजून घेऊ. ती भीती उगाच नाही. खेळणाऱ्या मुलांचा गप्पांचा अड्डा म्हणजे डिस्कॉर्ड. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या कंपनीने कबूल केलं, की तिच्यासाठी ग्राहकसेवेचं काम करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीकडून माहिती चोरीला गेली आणि त्यात सुमारे सत्तर हजार वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो असू शकतात. यातली कितीतरी ओळखपत्रं लोकांनी वयाच्या तपासणीचा निकाल चुकला म्हणून दाद मागताना दिली होती. नियम पाळणाऱ्यांचीच कागदपत्रं गेली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा आणि जन्मतारीख बदलता येत नाही.

चेहऱ्यावरून वय ओळखणाऱ्या यंत्रणेचं काय झालं, तेही जुलै २०२५ मध्येच दिसलं होतं. 'डेथ स्ट्रँडिंग' या खेळात फोटो काढण्याची सोय आहे. त्या खेळातल्या दाढीवाल्या नायकाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून, त्याला तोंड उघडायला लावून, लोकांनी डिस्कॉर्डची तपासणी पार केली. खेळातल्या माणसाचं वय यंत्राने अठराच्या वर धरलं. माझ्या मुलाने मला ही बातमी दाखवली तेव्हा तो हसत होता. मला मात्र हे गंभीर वाटलं. मुलांना जपण्यासाठी उभी केलेली भिंत मुलांनाच खेळ वाटत असेल, तर त्या भिंतीच्या भरवशावर कुठल्याही आईबापाने राहू नये.

मग वय तपासायचं कसं? उत्तर आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या सुपरमार्केटमध्ये आहे. तिथे दारूच्या कप्प्यावर पाटी असते, की तुम्ही पंचविशीच्या आतले दिसत असाल तर वयाचा पुरावा मागितला जाईल. भाचा दिसतो वीस वर्षांचा. बिअर घेताना काउंटरवरच्या बाई दर वेळी त्याच्याकडे पुरावा मागतात. तो शिकाऊ वाहन परवाना काढतो, बाई जन्मसाल बघतात, चेहरा बघतात आणि परवाना परत देतात. तीन-चार सेकंद लागतात. त्या परवान्याची झेरॉक्स काढत नाहीत, पत्ता लिहून घेत नाहीत, तो कुठली बिअर घेतो याची वही ठेवत नाहीत. आणि परवान्याऐवजी त्याने पासपोर्ट दाखवला तरी चालतो. खेळांच्या दुकानातही तेच. डबीत मिळणाऱ्या खेळांवर 'पेगी' या युरोपीय संस्थेचे ३, ७, १२, १६, १८ असे वयाचे आकडे छापलेले असतात, आणि बारापासून पुढचा आकडा असलेला खेळ त्याहून लहान मुलाला विकणं ब्रिटनमध्ये २०१२ पासून गुन्हा आहे. तो कायदा दुकानदार सांभाळतात आणि कुणाची कागदपत्रं गोळा करत नाहीत.

हीच रीत संगणकावर आणणं तंत्रज्ञानाला अवघड नाही, हे मी या क्षेत्रातली बाई म्हणून सांगते. ज्याच्याकडे माझी जन्मतारीख आधीच आहे, मग ती बँक असो, मोबाइल कंपनी असो वा सरकार, त्याने मला एक डिजिटल चिठ्ठी द्यावी. तिच्यात एकच वाक्य असावं: या व्यक्तीचं वय अठराच्या वर आहे. नाव नको, तारीख नको, पत्ता नको. दुकानाने चिठ्ठी खरी आहे एवढं तपासावं. चिठ्ठी देणाऱ्याला ती कुठल्या दुकानात वापरली हे कळू नये. युरोपीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये याच धर्तीच्या ॲपचा आराखडा मांडला आणि डेन्मार्क, फ्रान्स, ग्रीस, इटली, स्पेन हे देश त्याची चाचणी घ्यायला पुढे आले. ब्रिटनने दोन गोष्टी ताबडतोब कराव्यात. एक, कुठल्याही दुकानाने वय तपासण्याचे किमान दोन मार्ग द्यावेत आणि त्यातला एक तरी क्रेडिट कार्ड नसलेल्या माणसासाठी असावा. दोन, तपासणी झाली की पुरावा त्याच क्षणी पुसला जावा आणि तो साठवणाऱ्याला, मग ती कंपनी असो की तिची कंत्राटदार, जबर दंड व्हावा.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी हे का वाचावं? कारण हीच पाळी आता तुमच्यावर येते आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यानंतर अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्यापूर्वी कंपनीला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल, आणि मुलांबाबतची कर्तव्यं चुकली तर दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल. समोरचा मूल आहे की नाही, हे कळायला कंपन्या सगळ्यांनाच वय विचारतील. गेमची दुकानं तर सर्वांत आधी.

आणि आपल्याकडे पुरावा म्हटलं की आधारची झेरॉक्स. लॉजवर द्या, सिमकार्डवाल्याकडे द्या, शिकवणीच्या वर्गात द्या. ती पुढे कुठे जाते, कुणाच्या टेबलावर पडून राहते, आपण कधी विचारत नाही. आधारवर शेवटचे चारच आकडे दाखवणारी प्रत काढता येते, हेही फार थोड्यांना माहीत असतं. हीच सवय गेमच्या ॲपमध्ये शिरली, तर मुलांच्या रक्षणाच्या नावाखाली आईबाप आणि मुलं दोघांचीही कागदपत्रं कुठल्या कुठे जातील. क्रेडिट कार्डाचा ब्रिटिश मार्गही आपल्या कामाचा नाही. खेड्यात एका घरात एकच स्मार्टफोन, तो आजोबांच्या नावावर आणि त्यावर नातू खेळतो, ही आपली परिस्थिती आहे. सुदैवाने नव्या नियमांत डिजिलॉकरसारख्या सेवेकडून मिळणाऱ्या सांकेतिक टोकनची सोय आहे. मी म्हणते ती चिठ्ठी याच वाटेने येऊ शकते. कंपन्यांनी आधारचा फोटो मागण्याऐवजी हेच टोकन घ्यावं, असा आग्रह आत्ताच, नियम लागू होण्यापूर्वी धरायला हवा. एकदा ढीग जमला की तो परत घेता येत नाही.

उरला प्रश्न आपल्या घराचा. कायदा झाला म्हणून आईबापाचं काम संपत नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना एका खेळात त्याला एका अनोळखी खात्याने फुकट 'स्किन' देऊ केलं होतं. स्किन म्हणजे खेळातल्या पात्राचा किंवा बंदुकीचा नवा पेहराव. बदल्यात मागितला होता त्याचा फोन नंबर. मुलाने मला विचारलं, कारण त्या काळात मी रोज अर्धा तास त्याच्या शेजारी बसून तो काय खेळतो ते बघत असे. कुठल्याही कार्डाने किंवा चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने तो संदेश अडवला नसता. आता आम्ही स्टीमची 'फॅमिलीज' ही सोय वापरतो. एका कुटुंबात सहा खाती जोडता येतात, मुलाच्या खात्यावर कुठले खेळ चालतील आणि किती वेळ ते ठरवता येतं, आणि त्याला काही घ्यायचं झालं तर विनंती माझ्या फोनवर येते. कधी मी हो म्हणते, कधी नाही, आणि नाही म्हटलं की कारण सांगते. त्याला ते नेहमी पटतं असं नाही. पण तो आडवाटेने गेलेला नाही.

भाच्याची गोष्ट पूर्ण करते. काही महिन्यांनी, पगाराच्या नोंदी जमल्यावर, त्याला छोट्या मर्यादेचं क्रेडिट कार्ड मिळालं. त्याने ते खात्यावर भरलं, पान उघडलं, आणि त्याच दिवशी व्हीपीएन लॅपटॉपवरून काढून टाकलं. मी सांगितलं म्हणून नाही; त्याला आता त्याची गरज उरली नव्हती. सरळ दार उघडलं की माणसं कुंपणावरून उडी मारत नाहीत, यावर माझा विश्वास आहे.

म्हणून दोनच विनंत्या. ज्यांच्या घरात खेळणारी मुलं आहेत त्यांनी आज रात्री मुलाच्या शेजारी बसून त्याच्या खात्यावर कुणाचं कार्ड साठवलेलं आहे ते पाहावं, आणि असेल तर काढून टाकावं. आणि जे कायदे, नियम लिहितात, लंडनमध्ये असोत वा दिल्लीत, त्यांनी काउंटरवरच्या त्या बाईंचं तीन सेकंदांचं काम डोळ्यांसमोर ठेवावं: वय बघा आणि पुरावा परत द्या.